ख्रिस्तप्रसाद, राष्ट्राध्यक्ष आणि 222 मते: अमेरिकी बिशप परिषदेचे एक वर्ष

प्रकरण थोडक्यात

नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या कॅथलिक बिशप परिषदेने, म्हणजे धर्मप्रांतांच्या प्रमुखांच्या देशपातळीवरच्या संघटनेने, एक अवघड प्रश्न अंगावर घेतला. गर्भपाताचा कायदेशीर हक्क राखण्याच्या बाजूने उभ्या असलेल्या कॅथलिक राजकारण्याने मिस्सेत (कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेत) ख्रिस्तप्रसाद (ख्रिस्ताचे शरीर व रक्त मानली जाणारी भाकर आणि द्राक्षारस) घ्यावा का, आणि तो रांगेत आलाच तर धर्मगुरूने द्यावा का? प्रश्न सर्वसाधारण शब्दांत मांडला जात होता, पण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर माणूस एकच होता: नुकतेच निवडून आलेले जो बायडन. बरोबर एका वर्षाने परिषदेने 222 विरुद्ध 8 मतांनी एक दस्तऐवज मंजूर केला. ज्या प्रश्नासाठी एवढा खटाटोप झाला होता, त्याचे उत्तर मात्र त्यात नव्हते.

गर्भपात चूक की बरोबर, यावर बिशपांमध्ये दुमत नव्हते. शिकागोचे कार्डिनल ब्लेझ क्युपिच आणि सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप साल्वातोरे कॉर्डिलिओने या वादात दोन टोकांना होते, तरी चर्चची शिकवण काय आहे हे दोघांनीही एकच सांगितले असते. मतभेद होता तो त्या शिकवणीसाठी बिशपाने राजकारणात कुठवर शिरायचे यावर, आणि ती मर्यादा ठरवायची कोणी यावर. हे प्रकरण अडले ते अधिकारावर आणि पावलांच्या क्रमावर. म्हणून इथे भर आहे तो कलमे, पत्रे आणि मतदान यांवर. नावे फक्त सार्वजनिक पदांवरच्या व्यक्तींची घेतली आहेत.

पार्श्वभूमी

बायडन हे जॉन केनेडींनंतरचे दुसरे कॅथलिक राष्ट्राध्यक्ष. 1960 च्या निवडणुकीत केनेडींना प्रॉटेस्टंट मतदारांची समजूत काढावी लागली होती, की व्हाइट हाउस पोपच्या सांगण्यावरून चालणार नाही. साठ वर्षांनी तक्रारीचा रोख उलटला. बायडन पोपचे ऐकत नाहीत, अशी तक्रार आता त्यांच्याच चर्चमधले लोक करत होते.

मधल्या काळात गर्भपाताला देशभर घटनात्मक हक्क ठरवणारा 1973 चा रो विरुद्ध वेड हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि गर्भपात हा अमेरिकी पक्षराजकारणाचा कणा झाला. 1984 मध्ये जेराल्डिन फेरारो उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या असताना न्यूयॉर्कचे आर्चबिशप जॉन ओकॉनर यांनी त्यांच्यावर जाहीर टीका केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी नोत्र दाम विद्यापीठात भाषण करून एक भूमिका मांडली: मी चर्चची शिकवण मानतो, पण अनेक धर्मांच्या समाजावर ती कायद्याने लादू शकत नाही. पुढे बहुतेक डेमोक्रॅट कॅथलिक नेत्यांनी हीच वाट धरली. 2012 मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या चर्चेत बायडनही जवळजवळ हेच बोलले. समोर रिपब्लिकन पक्षाचे पॉल रायन होते, आणि तेही कॅथलिकच.

जून 2019 मध्ये बायडन एक पाऊल पुढे गेले. 1976 च्या हाइड दुरुस्तीमुळे केंद्राच्या वैद्यकीय योजनेचा पैसा गर्भपातासाठी, मोजके अपवाद सोडता, वापरता येत नाही. ही दुरुस्ती त्यांनी अनेक दशके उचलून धरली होती. आता त्यांनी तिला असलेला आपला पाठिंबा काढून घेतला. ‘मला व्यक्तिशः मान्य नाही, पण लादणार नाही’ म्हणणे वेगळे आणि ‘सरकारी पैसाही मिळावा’ म्हणणे वेगळे, असे टीकाकारांचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या फ्लॉरेन्स गावी एका धर्मगुरूने रविवारच्या मिस्सेत बायडन यांना ख्रिस्तप्रसाद नाकारला.

सर्वसामान्य कॅथलिकांचे काय मत होते? मार्च 2021 मधल्या प्यू संस्थेच्या पाहणीत 67 टक्के अमेरिकी कॅथलिकांनी बायडन यांना ख्रिस्तप्रसाद मिळावा असे सांगितले, 29 टक्क्यांनी नको असे. रिपब्लिकन कॅथलिकांत मात्र निम्म्याहून जास्त लोक नको म्हणणारे होते. म्हणजे मिस्सेच्या रांगेतली फूट पक्षांच्या रेषेवरूनच जात होती. परिषदेपुढची खरी अडचण इथेच होती: काहीही ठरवले तरी ते कुठल्या तरी पक्षाच्या पारड्यात पडणार होते.

नियम काय सांगतात

या वादात चार नियम वारंवार पुढे आले. ते नीट पाहिल्याशिवाय पुढचा घटनाक्रम समजत नाही.

कॅनन कायद्याचे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्याचे, कलम 916 श्रद्धावंताला उद्देशून आहे. गंभीर पाप केल्याची जाणीव असेल तर प्रायश्चित्त संस्कार (धर्मगुरूपुढे पापांची कबुली) घेतल्याशिवाय ख्रिस्तप्रसादाला जाऊ नये, असे ते सांगते. निर्णय ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचा.

कलम 915 प्रसाद देणाऱ्याला उद्देशून आहे. बहिष्कृत व्यक्तींना आणि ‘प्रकट गंभीर पापात हट्टाने राहणाऱ्यांना’ ख्रिस्तप्रसाद देऊ नये, असे ते म्हणते. गर्भपात घडवून आणणाऱ्यावर आपोआप बहिष्कार ओढवतो, पण कायद्याच्या बाजूने मत देणारा खासदार त्या कलमात सरळ बसत नाही. म्हणून सगळी ओढाताण 915 मधल्या ‘प्रकट’, ‘गंभीर’ आणि ‘हट्टाने’ या तीन अटींवर झाली. विधेयकाच्या बाजूने मत देणे हे गंभीर पाप ठरते का, यावर कॅनन कायद्याच्या जाणकारांतही एकमत नाही.

तिसरा नियम अधिकाराचा. देशपातळीवरची बिशप परिषद ही बिशपांची वरिष्ठ नव्हे. कलम 455 नुसार बंधनकारक आदेश काढायचा तर परिषदेला दोन-तृतीयांश मते आणि वर व्हॅटिकनची मान्यता लागते, आणि तेही ज्या विषयांत कायद्याने परवानगी दिली आहे त्यांतच. 1998 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सैद्धांतिक निवेदनांनाही असेच कुंपण घातले: एकमत असेल तर ठीक, नाहीतर दोन-तृतीयांश मते अधिक रोमची मान्यता. एखाद्या ठरावीक माणसाला ख्रिस्तप्रसाद द्यायचा की नाही, हा अधिकार त्याच्या धर्मप्रांताच्या बिशपाकडेच राहतो. बायडन यांच्या बाबतीत हे बिशप दोन होते: त्यांचे घर असलेल्या डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनचे आणि राजधानी वॉशिंग्टनचे.

हीच कलमे वसई, मुंबई किंवा गोव्याच्या धर्मप्रांतांनाही लागू आहेत. भारतातही 1971 पासून गर्भपात कायदेशीर आहे आणि चर्चचा त्याला विरोध आहे. पण तो इथे कधी निवडणुकीचा मुद्दा झाला नाही, त्यामुळे कलम 915 आपल्याकडच्या आमदार-खासदारांच्या संदर्भात फारसे कोणी उघडून पाहत नाही. अमेरिकेत ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आले, ते तिथल्या पक्षरचनेमुळे.

चौथे म्हणजे 2004 चा पूर्वेतिहास. कॅथलिक असलेले जॉन केरी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असताना हाच प्रश्न उठला होता. सेंट लुइसचे तेव्हाचे आर्चबिशप रेमंड बर्क यांनी केरींना ख्रिस्तप्रसाद देणार नाही असे सांगितले होते. व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांत मंडळाचे प्रमुख कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर (नंतरचे पोप बेनेडिक्ट) यांनी अमेरिकी बिशपांसाठी एक खाजगी टिपण पाठवले. त्यातली पायऱ्यांची मांडणी स्पष्ट होती: आधी धर्मगुरूने त्या राजकारण्याला भेटावे, शिकवण समजावून सांगावी, सध्याची स्थिती संपेपर्यंत ख्रिस्तप्रसादाला येऊ नये असे सांगावे, आणि तरीही तो आलाच तर नाकारावे. कार्डिनल थिओडोर मॅककॅरिक यांनी हे टिपण सभेसमोर जसेच्या तसे न ठेवता स्वतःच्या शब्दांत सांगितले. डेन्व्हर इथे परिषदेने 183 विरुद्ध 6 मतांनी ठरवले की निर्णय ज्या त्या बिशपाने घ्यावा. मूळ टिपण पुढच्याच महिन्यात इटालियन नियतकालिकात छापून आले आणि आपल्याला अर्धेच सांगितले गेले, अशी भावना काही बिशपांच्या मनात घर करून राहिली. 2020 मधल्या अविश्वासाचे एक मूळ इथे आहे.

समोर असलेले पर्याय

नोव्हेंबर 2020 मध्ये परिषदेपुढे साधारण चार वाटा होत्या.

पहिली, 2004 चाच निर्णय पुन्हा सांगून थांबणे. ही कायद्याच्या दृष्टीने सर्वात निर्धोक होती. पण त्यामुळे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनमध्ये ख्रिस्तप्रसाद घेणार आणि शेजारच्या एखाद्या धर्मप्रांतात त्यांना तो मिळणार नाही, ही विसंगती तशीच राहणार होती.

दुसरी, देशभरासाठी एकच नियम करणे. त्यासाठी दोन-तृतीयांश मते आणि रोमची मान्यता हवी होती, आणि वॉशिंग्टनचे कार्डिनल विल्टन ग्रेगरी यांनी तर त्याच महिन्यात सांगून टाकले की आपण बायडन यांना नाकारणार नाही.

तिसरी, त्या दोन स्थानिक बिशपांनी बायडन यांच्याशी खाजगीत बोलायचे आणि परिषदेने धोरणांवर, म्हणजे हाइड दुरुस्ती, परदेशी मदत वगैरे मुद्द्यांवर, एरवीसारखी टीका करत राहायचे.

चौथी, ख्रिस्तप्रसादावर एक सर्वसाधारण शिकवणीचा दस्तऐवज काढायचा आणि त्यात राजकारण्यांच्या जबाबदारीचा भाग घालायचा. यामागे एक वेगळे, खरेखुरे कारणही होते. प्यूच्या 2019 च्या पाहणीत फक्त 31 टक्के अमेरिकी कॅथलिकांनी भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात असे मानत असल्याचे सांगितले होते. बिशपांना तो आकडा चांगलाच झोंबला होता.

परिषद चौथ्या वाटेने निघाली, पण दुसऱ्या वाटेची भाषा बोलत. पुढचा बहुतेक गोंधळ यातून झाला.

घटनाक्रम आणि निर्णयाचे टप्पे

*कार्यगटाची घोषणा.* 17 नोव्हेंबर 2020 रोजी ऑनलाइन सभा संपता संपता परिषदेचे अध्यक्ष, लॉस एंजेलिसचे आर्चबिशप होजे गोमेझ यांनी डेट्रॉइटचे आर्चबिशप ॲलन व्हिग्नेरॉन यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट जाहीर केला. कॅथलिक राष्ट्राध्यक्षच गर्भपाताच्या बाजूने असल्याने ‘अवघड आणि गुंतागुंतीची परिस्थिती’ निर्माण झाली आहे, असे कारण दिले. सभेत यावर चर्चाही झाली नाही आणि मतदानही नाही. तेव्हा अनेकांना हा टप्पा किरकोळ वाटला असेल, पण सगळ्यात महाग तोच पडला. कारण त्यानंतर ख्रिस्तप्रसादावर परिषद जे काही बोलेल, ते बायडन यांच्याविषयीच बोलते आहे असे वाचले जाणार हे पक्के झाले.

*शपथविधीच्या दिवशीचे निवेदन.* 20 जानेवारी 2021. सकाळी बायडन वॉशिंग्टनच्या सेंट मॅथ्यू कॅथीड्रलमध्ये मिस्सेला गेले. त्याच दिवशी गोमेझ यांचे लांबलचक निवेदन निघाले. त्यात प्रार्थना आणि सदिच्छा होत्या, आणि गर्भपात, संततिनियमन, विवाह व लिंगभाव या विषयांवरच्या धोरणांविषयी इशाराही होता. पोपनी पाठवलेला संदेश मात्र सौम्य होता. त्याच संध्याकाळी कार्डिनल क्युपिच यांनी हे निवेदन अविचारी असल्याचे आणि ते बिशपांना विश्वासात न घेता काढल्याचे उघडपणे लिहिले. परिषदेतली फूट पहिल्यांदाच अशी चव्हाट्यावर आली.

निवेदनातले म्हणणे नवे नव्हते. खटकली ती वेळ. आठच दिवसांनी बायडन यांनी परदेशांतल्या गर्भपाताशी संबंधित संस्थांना अमेरिकी निधी देण्यावरची बंदी उठवली. त्या निर्णयावर त्याच दिवशी टीका केली असती तर ती धोरणावरची टीका ठरली असती. शपथविधीच्या दिवशी काढल्यामुळे ती माणसावरची ठरली.

*रोमला पत्र, रोमचे उत्तर.* 30 मार्चला गोमेझ यांनी श्रद्धा-सिद्धांत मंडळाचे प्रमुख कार्डिनल लुइस लदारिया यांना परिषद काय करू पाहते आहे ते कळवले. 7 मे रोजी आलेले उत्तर या प्रकरणातला सर्वात व्यवहारी कागद आहे. त्यात कोणालाही रागावलेले नाही, फक्त कामाचा क्रम आखून दिला आहे. आधी बिशपांनी आपापसात संवाद करावा, जेणेकरून शिकवणीवर एकवाक्यता आहे याची खात्री होईल. मग स्थानिक बिशपांनी आपापल्या भागातल्या राजकारण्यांशी बोलून त्यांची भूमिका समजून घ्यावी. त्यानंतरच देशपातळीवर काही करायचे का, ते ठरवावे. केलेच तर स्थानिक बिशपांचे अधिकार आणि रोमचे अधिकार अबाधित राहिले पाहिजेत. गर्भपात आणि इच्छामरण हेच काय ते गंभीर विषय आहेत असा समज होऊ नये. ख्रिस्तप्रसादाच्या पात्रतेची चर्चा एका वर्गापुरती, म्हणजे राजकारण्यांपुरती, ठेवू नये. आणि इतर देशांच्या परिषदांशीही बोलावे.

आता प्रश्न होता या उत्तराचे करायचे काय. जूनच्या सभेची कार्यक्रमपत्रिका तयार होती. सुमारे 67 बिशपांनी 13 मेच्या पत्रातून गोमेझ यांना विनंती केली की प्रत्यक्ष भेटता येईपर्यंत विषय लांबणीवर टाकावा. कोविडमुळे सभा पडद्यावर होणार होती, आणि एवढा नाजूक संवाद तिथे व्हायचा कसा, हा त्यांचा रास्त मुद्दा होता. गोमेझ यांनी नियमांवर बोट ठेवले: प्रस्ताव रीतसर आला आहे, तो पत्रिकेवरून काढता येणार नाही. शिवाय मसुदा लिहायला घेणे हीच संवादाची सुरुवात, असे प्रस्तावाच्या बाजूच्यांचे म्हणणे. लदारियांनी मात्र संवाद आधी आणि मसुदा नंतर, असा क्रम दिला होता. परिषदेने आधी कळस मग पाया असे केले.

*वर्तमानपत्री लढाई.* 1 मे रोजी कॉर्डिलिओने यांनी आपल्या धर्मप्रांतासाठी पत्र काढून गर्भपाताच्या समर्थक नेत्यांनी ख्रिस्तप्रसादाला येऊ नये असे म्हटले. चारच दिवसांत सॅन डिएगोचे बिशप रॉबर्ट मॅकएल्रॉय यांनी ख्रिस्तप्रसादाचे शस्त्र केले जात असल्याचा आरोप केला. त्यांचा युक्तिवाद असा: वंशभेद किंवा स्थलांतरितांना दिली जाणारी वागणूक याबाबत चर्चच्या शिकवणीविरुद्ध मत देणाऱ्यांना कोणी अडवत नाही, मग एकाच पापाला ही मोजपट्टी का? दुसऱ्या बाजूचे उत्तर होते की निरपराध जिवाची थेट हत्या आणि धोरणांवरचे मतभेद एका पातळीवर येत नाहीत. दोन्ही बाजूंना कॅथलिक परंपरेत आधार सापडतो. म्हणूनच हा वाद मतदानाने मिटण्यासारखा नव्हता.

*जूनचे मतदान.* 16 ते 18 जूनच्या सभेत सुरुवातीलाच सेंट लुइसचे आर्चबिशप मिचेल रोझान्स्की यांनी सुचवले की बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येक बिशपाला वेळेचे बंधन न घालता बोलू द्यावे. बहुमताने ते फेटाळले गेले. वेळ काढण्याची ही युक्ती आहे असा फेटाळणाऱ्यांना संशय होता. तो खरा असो वा नसो, पण लदारियांनी ज्या संवादाचा आग्रह धरला होता तो करायची ही एक हातची संधी होती, आणि कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर ती गेली. पोपचे राजदूत आर्चबिशप क्रिस्तोफ पिएर यांनीही त्याच सभेत ऐक्य आणि संवादावरच भर दिला होता.

मसुदा लिहायला घ्यावा, या बाजूने 168, विरोधात 55 आणि 6 तटस्थ. निकाल 18 जूनला जाहीर होताच बातम्यांचे मथळे झळकले: बिशप बायडन यांचा ख्रिस्तप्रसाद रोखणार. त्याच दिवशी कनिष्ठ सभागृहातल्या 60 कॅथलिक डेमोक्रॅट सदस्यांनी एकत्र निवेदन काढून गर्भपाताच्या एका मुद्द्यावरून ख्रिस्तप्रसाद रोखू नये अशी विनंती केली. पत्रकारांनी विचारल्यावर बायडन एवढेच म्हणाले की ही खाजगी बाब आहे आणि असे काही होईल असे वाटत नाही. तीन दिवसांनी परिषदेला प्रश्नोत्तरांचा खुलासा काढावा लागला, की असा कोणताही राष्ट्रीय नियम येणार नाही आणि मतदान त्यावर नव्हतेच. खुलासा शब्दशः बरोबर होता. पण सात महिने आधी कार्यगट कशासाठी नेमला होता, ते लोक विसरले नव्हते. महिनाअखेरीस बायडन जिथे मिस्सेला जात, त्या जॉर्जटाऊनमधल्या जेझुइटांच्या होली ट्रिनिटी चर्चने आपण कोणालाही ख्रिस्तप्रसाद नाकारणार नसल्याचे जाहीर करून टाकले.

*रोमहून आलेले संकेत.* 15 सप्टेंबरला स्लोव्हाकियाहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस यांना पत्रकारांनी छेडले. गर्भपात म्हणजे खून, असे ते नि:संदिग्धपणे बोलले. आपण स्वतः ख्रिस्तप्रसाद कधी कोणाला नाकारलेला नाही, हेही सांगितले, आणि बिशपांनी राजकारणी न होता मेंढपाळ व्हावे, असा सल्ला दिला. 29 ऑक्टोबरला व्हॅटिकनमधल्या भेटीनंतर बायडन म्हणाले की पोपनी आपल्याला चांगला कॅथलिक म्हटले आणि ख्रिस्तप्रसाद घेत राहायला सांगितले. व्हॅटिकनने त्यावर भाष्य केले नाही. दुसऱ्याच दिवशी रोममधल्या सेंट पॅट्रिक चर्चमध्ये त्यांनी तो घेतला.

यात एक गमतीचा धागा आहे. बाजू मांडताना बिशप ‘ख्रिस्तप्रसादाशी सुसंगती’ ही जी संज्ञा वापरत होते, ती लॅटिन अमेरिकी बिशपांच्या 2007 च्या अपारेसिदा दस्तऐवजातली. गर्भपाताला वाट करून देणारे कायदेकर्ते ख्रिस्तप्रसाद घेऊ शकत नाहीत, असे तो दस्तऐवज सांगतो. आणि तो लिहिणाऱ्या समितीचे प्रमुख होते ब्युनोस आयर्सचे कार्डिनल होर्हे बर्गोलिओ, म्हणजेच पुढचे पोप फ्रान्सिस. दोन्ही बाजू त्यांचेच नाव घेत होत्या ते उगाच नव्हे.

*नोव्हेंबरचा दस्तऐवज.* मसुद्याचे काम फोर्ट वेन-साउथ बेंडचे बिशप केव्हिन रोड्स यांच्या सिद्धांत समितीकडे होते. बाल्टिमोरला दोन वर्षांनी बिशप प्रत्यक्ष जमले आणि बंद दाराआडच्या सत्रात हवे तेवढे बोलले. वर्षभर न जमलेला संवाद बहुधा इथेच झाला. 17 नोव्हेंबर 2021 रोजी दस्तऐवज मंजूर झाला: 222 बाजूने, 8 विरोधात, 3 तटस्थ. त्यात ख्रिस्तप्रसादाचा अर्थ आहे, कलम 916 च्या वळणाने आत्मपरीक्षणाचे आवाहन आहे. सार्वजनिक पदावरच्या कॅथलिकांची विशेष जबाबदारी एका परिच्छेदात आली आहे. चर्चशी उघड विसंगत वर्तनावर उपाय करणे हे त्या त्या धर्मप्रांताच्या बिशपाचे काम, असेही म्हटले आहे. बायडन यांचे नाव नाही, प्रसाद नाकारण्याची प्रक्रिया नाही, नवा नियमही नाही.

निष्पत्ती

कागदावर पाहिले तर परिषद 2004 ला जिथे होती तिथेच 2021 ला परत आली. जूनमधल्या 55 विरोधी मतांची नोव्हेंबरमध्ये 8 झाली, ती कोणाचे मन वळल्यामुळे नव्हे. वादाचा मुद्दाच मसुद्यातून वगळला गेल्यामुळे.

फायदा झालाच नाही असे नाही. त्याच सभेत ख्रिस्तप्रसादावरच्या श्रद्धेला उजाळा देणारा तीन वर्षांचा कार्यक्रम मंजूर झाला. जुलै 2024 मध्ये इंडियानापोलिसला त्याचे राष्ट्रीय अधिवेशन भरले आणि पन्नास हजारांवर लोक आले. 31 टक्क्यांच्या आकड्याला उत्तर म्हणून हे काम राजकारणाचा विषय न काढताही करता आले असते.

आणि मूळ विसंगती कायम राहिली, उलट ती अधिक ठळक झाली. 7 एप्रिल 2022 रोजी कॉर्डिलिओने यांनी कनिष्ठ सभागृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांना पत्राने कळवले: एकतर गर्भपाताचे समर्थन मागे घ्या, नाहीतर जाहीरपणे कॅथलिक असल्याचा उल्लेख आणि ख्रिस्तप्रसाद घेणे दोन्ही थांबवा. त्याआधी अनेकदा भेट मागूनही ती मिळाली नव्हती. 20 मे रोजी त्यांनी बंदी जाहीर केली. काही बिशपांनी आपापल्या धर्मप्रांतात ती लागू केली, वॉशिंग्टनने केली नाही. 29 जूनला रोममध्ये सेंट पीटर बॅसिलिकातल्या, पोप उपस्थित असलेल्या मिस्सेत पेलोसींना ख्रिस्तप्रसाद मिळाला. एकच व्यक्ती, एकच कलम, आणि उत्तर बदलते ते धर्मप्रांताची हद्द ओलांडली की. दरम्यान 24 जूनला सर्वोच्च न्यायालयाने रो निकाल रद्द केला होता आणि लढाई राज्याराज्यांत पसरली होती.

वेगळे काय करता आले असते

नोव्हेंबर 2020 ची घोषणा टाळता आली असती. कार्यगट हवाच होता तर तो सभेपुढे आणून मतदानाने, आणि राष्ट्राध्यक्षांच्या नावाने न नेमता सार्वजनिक जीवनातल्या कॅथलिकांच्या प्रश्नावर नेमायला हवा होता. एका व्यक्तीसाठी नेमलेल्या गटातून सर्वांसाठीचा दस्तऐवज निघतो, तेव्हा त्याच्या हेतूवर संशय येणारच.

दुसरे, ख्रिस्तप्रसादावरची शिकवण आणि राजकारण्यांची पात्रता ही दोन कामे पहिल्या दिवशीच वेगळी करायला हवी होती. पहिल्याला जूनमध्येच दोनशेच्यावर मते पडली असती असे मानायला जागा आहे. दुसऱ्यासाठी परिषदेकडे अधिकारच नव्हता, आणि हे कलम 455 वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते.

तिसरे, लदारियांचे पत्र आल्यावर जूनचा विषय ‘मसुदा लिहावा का’ याऐवजी ‘आपापसातला संवाद कसा करावा’ असा बदलता आला असता. त्यासाठी प्रस्ताव मागे घ्यायचीही गरज नव्हती, क्रम बदलणे पुरेसे होते. प्रांतवार छोट्या बैठका, मग नोव्हेंबरला बाल्टिमोर, मग मसुदा. एक वर्ष उशीर झाला असता आणि ‘बायडनबंदी’चे मथळे टळले असते.

चौथे, बदल घडवण्याची खरी शक्यता स्थानिक बिशप आणि राजकारणी यांच्या भेटीत होती, आणि तिथेच सगळ्यात कमी काम झाले. कॅन्ससचे आर्चबिशप जोसेफ नॉमन यांनी 2008 मध्ये गव्हर्नर कॅथलीन सेबेलियस यांना ख्रिस्तप्रसादाला येऊ नका असे सांगितले होते. ते पाऊल पटो न पटो, सांगणारा त्यांचा स्वतःचा बिशप होता. बायडन यांच्या बाबतीत जाहीरपणे बोलणाऱ्यांत विल्मिंग्टन आणि वॉशिंग्टनबाहेरचे बिशपच जास्त होते. याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी: स्थानिक बिशपाने काहीच केले नाही तर इतरांनी गप्प बसायचे का? ग्रेगरी यांनी नाकारणार नाही हे लगेच आणि जाहीरपणे सांगितले, त्याऐवजी ‘मी त्यांच्याशी बोलेन’ एवढेच म्हटले असते तर कडक भूमिकेच्या बिशपांना थांबायला कारण मिळाले असते.

2025 मध्ये हीच गाठ पुन्हा पडली. शिकागोच्या धर्मप्रांताने सिनेटर डिक डर्बिन यांना स्थलांतरितांसाठीच्या कामाबद्दल गौरवायचे ठरवले. डर्बिन गर्भपाताच्या हक्काचे समर्थक, आणि स्प्रिंगफील्ड या त्यांच्या स्वतःच्या धर्मप्रांतात 2004 पासून त्यांना ख्रिस्तप्रसाद मिळत नव्हता. तिथले बिशप थॉमस पॅप्रॉकी यांनी क्युपिच यांच्या निर्णयाला उघड विरोध केला, पाठोपाठ आणखी काही बिशप बोलले. पोप लिओ यांना विचारल्यावर त्यांनी सिनेटरच्या एकूण कामाकडे पाहावे असे सुचवले, आणि गर्भपाताला विरोध करून मृत्युदंडाला पाठिंबा देणारा खऱ्या अर्थाने जीवनाच्या बाजूचा नाही, असेही म्हटले. 30 सप्टेंबरला डर्बिन यांनी गौरव नाकारला. या वेळी परिषदेला मतदान करावे लागले नाही. एका धर्मप्रांताने पुरस्कार जाहीर करण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या स्वतःच्या धर्मप्रांताच्या बिशपाला विचारावे का, एवढा साधा प्रश्न होता, आणि त्याचेही लेखी उत्तर परिषदेकडे नव्हते.